अल्बुकर्कच्या मुलाने लिहिलेला अल्बुकर्क

हापूसवर काम करणाऱ्याला एक वाक्य चुकवता येत नाही: हापूस हे नाव गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडलं. शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत ते असतं, मे महिन्यातल्या पुरवण्यांत असतं, पेटीत टाकलेल्या रंगीत कागदावरही असतं. माझं काम तुम्हाला माहीत आहे. 2007 मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, तेव्हापासून कोकणातला हापूस घाट चढून आमच्या नाशिक जिल्ह्यात लासलगावला येतो, 'कृषक' केंद्रात कोबाल्ट-60 समोरून जातो, किमान 400 ग्रे डोस घेतो आणि मग विमानात बसतो. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभं राहिलेलं केंद्र आंब्याच्या कामी आलं. त्यावर मी इथे बरंच लिहिलंय, पुन्हा लिहीत नाही.

आता प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहायला घेतलंय आणि ते वाक्य टाकायचं की नाही हे ठरवायचं आहे. म्हणून मागे मागे जात राहिले. एक निबंध दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा एका पुस्तकाकडे, पुस्तक कुणाकडेच नाही. शेवटी म्हटलं, या माणसाचं मूळ चरित्रच वाचू. इंटरनेट अर्काइव्हवर त्याचे इंग्रजी चार खंड फुकट आहेत. 'अफोन्सो द अल्बुकर्कची टिपणं' असं साधारण नाव. गेले दोन महिने रात्री तेच वाचतेय. आजचा लेख त्या पुस्तकाबद्दल आहे, आंब्याबद्दल कमी.

पण आधी आंब्याचा हिशेब मिटवू, तो सोपा आहे. हापूस एकभ्रूणी जातीचा. कोय पुरली तर येणारं झाड आईसारखं निघेलच असं नाही, बहुतेकदा निघत नाहीच. त्यामुळे आज रत्नागिरी-देवगडला दिसणारं प्रत्येक हापूसचं झाड हे कधीतरी कुठेतरी उगवलेल्या एका झाडाचा कलमाने वाढवलेला तुकडा आहे. म्हणजे आधी ते झाड सापडलं पाहिजे, आवडलं पाहिजे, त्याची कलमं बांधली पाहिजेत, ती रुजून फळ धरायला चार-पाच वर्षं गेली पाहिजेत. आता अल्बुकर्कचं वेळापत्रक बघा. 25 नोव्हेंबर 1510 ला त्याने गोवा कायमचा घेतला. 1511 च्या एप्रिल-मेमध्ये तो मलाक्काच्या वाटेवर. 1512 चा उन्हाळा कोचीनला. 1513 ला एडन आणि तांबडा समुद्र. 1515 ला होर्मुझ, आणि त्याच डिसेंबरात मृत्यू. गोवा जिंकल्यानंतर आंब्याचा पुरा हंगाम तिथे काढला तो फक्त 1514 चा. एका हंगामात माणूस आंबा खाऊ शकतो, जात तयार करू शकत नाही. कलमांचं श्रेय साधारणपणे जेझुइटांना देतात, आणि त्यांचा पहिला माणूस, फ्रान्सिस झेवियर, गोव्यात उतरला 1542 ला. 'अफोन्सो' हे पोर्तुगालमध्ये राजापासून खलाशापर्यंत कुणाचंही नाव असायचं. हापूस हा शब्द अफोन्सोवरून आला हे मानायला माझी हरकत नाही. तो अफोन्सो म्हणजे अल्बुकर्कच, हे म्हणायला आधार लागतो.

तर पुस्तक.

ते लिहिलंय अल्बुकर्कच्या मुलाने. मुलाचं नाव ब्राश. लग्नाबाहेरचा, 1500 च्या आसपास जन्मलेला. बाप 1506 मध्ये दुसऱ्यांदा हिंदुस्थानकडे निघाला तेव्हा हा पाच-सहा वर्षांचा. त्यानंतर दोघांची भेट नाही. बाप मेल्यावर राजा मॅन्युएलने आज्ञा केली की मुलाने बापाचं नाव लावावं, म्हणून ब्राशचा अफोन्सो झाला. पुढे लिस्बनमध्ये त्याने टोकदार दगडांची एक हवेली बांधली, 'काझा दुश बिकुश' म्हणतात तिला, आज तिथे लेखक सारामागोंच्या नावाची संस्था आहे. हिंदुस्थानात तो कधी आला नाही. आणि 1557 मध्ये, बापाला जाऊन बेचाळीस वर्षं झाल्यावर, त्याने हे पुस्तक छापलं. दुसरी आवृत्ती 1576 ची.

पुस्तक बापाने राजाला लिहिलेल्या पत्रांवरून जुळवलंय, असं तो मुखपृष्ठावरच सांगतो. हे वाचताना माझ्या डोक्यात प्रयोगशाळेतली भाषा येते, इलाज नाही. पत्रं हा कच्चा डेटा. पण तो कुणी घेतला? ज्याच्या कामाचं मूल्यमापन होणार आहे त्यानेच, आणि पाठवला कुणाला, तर मूल्यमापन करणाऱ्याला. मग तो स्वच्छ कुणी केला? वारसदाराने. कुठला भाग टाकून दिला हे आपल्याला दिसत नाही. अशा डेटावर उभा राहिलेला शोधनिबंध माझ्याकडे तपासायला आला असता तर मी तो परत पाठवला नसता, पण पहिलाच शेरा असा मारला असता: स्वतंत्र मोजमाप कुठे आहे?

गंमत म्हणजे स्वतंत्र मोजमाप होतं. गास्पार कोर्रैया नावाचा माणूस 1512 ला हिंदुस्थानात आला आणि काही काळ अल्बुकर्कचा लेखनिक होता. त्याने आपला मोठा इतिहास इथे राहून लिहिला, जवळून बघून लिहिला, त्यात अल्बुकर्कचा राग, त्याची भांडणं, शिव्या, सगळं आहे. पण तो लिस्बनला छापून निघाला 1858 नंतर. तीनशे वर्षं बाजारात मुलाचं पुस्तक होतं आणि लेखनिकाचं नव्हतं.

मेक्सिकोच्या बाबतीत हेच उलट घडलं, आणि तुलना करायला तो प्रसंग चांगला आहे. कोर्तेसने 1519 ते 1521 मध्ये मेक्सिको घेतलं. त्याचं चरित्र लिहिलं लोपेस दे गोमारा या पाद्र्याने, 1552 मध्ये. त्याने अमेरिका पाहिलीही नव्हती, आणि सगळं श्रेय एकट्या कोर्तेसला दिलं. ते वाचून कोर्तेसच्या फौजेतला एक म्हातारा शिपाई, बेर्नाल दियास, चिडला आणि त्याने स्वतःचा इतिहास लिहायला घेतला: आम्ही होतो, आम्ही काय केलं ते मी सांगतो. तो 1632 मध्ये छापला गेला, आणि आज कोर्तेसवर कुणी लिहायला बसलं तर दोन्ही पुस्तकं समोर ठेवूनच बसतं. गोव्याच्या बाबतीत ब्राश हा गोमारा आणि कोर्रैया हा बेर्नाल दियास. फरक एवढाच की गोव्याच्या बेर्नाल दियासला यायला फार उशीर झाला. तोवर ब्राशचं म्हणणं 'इतिहास' झालं होतं. ब्राशची 1774 मध्ये पुन्हा आवृत्ती निघाली. त्यावरून वॉल्टर द ग्रे बर्चने हॅकलुइट सोसायटीसाठी इंग्रजी केलं, 1875 ते 1884. मग 1892 मध्ये मोर्स स्टीफन्सने इंग्रजांच्या 'रूलर्स ऑफ इंडिया' या मालेत अल्बुकर्कवर पुस्तक लिहिलं. इंग्रजांना आपल्या आधीचा एक राज्यकर्ता हवा होता, तो सापडला. तिथून पाठ्यपुस्तकं. आणि पाठ्यपुस्तकातून पेटीतल्या रंगीत कागदावर.

हे सगळं खरं असलं तरी पुस्तक वाचनीय आहे, हे सांगायला हवं. विशेषतः 1510 चा पावसाळा. अल्बुकर्कने गोवा पहिल्यांदा घेतला तो त्या वर्षीच्या सुरुवातीला, होनावरच्या तिमोजीच्या सल्ल्याने. मे महिन्यात आदिलशाही फौज आली आणि त्याला शहर सोडून जहाजांवर जावं लागलं. पण जाणार कुठे? नैऋत्य मोसमी वारा सुरू झाला की मांडवीच्या मुखाशी समुद्र असा फुटतो की शिडाचं जहाज बाहेर पडूच शकत नाही. म्हणजे मागे शत्रू, पुढे पाऊस, आणि ताफा नदीत अडकलेला, ऑगस्टपर्यंत. खायला नाही. काठावरून तोफा. या प्रकरणात ब्राश खरोखर चांगला लिहितो. आदिलशाहाकडून शिधा घेऊन होडी आली तेव्हा अल्बुकर्कने आजाऱ्यांसाठी राखलेली दारू आणि बिस्किटं डेकवर मांडून दाखवली, आम्हाला कमी नाही म्हणून, आणि शिधा परत पाठवला, हा प्रसंग नाटकासारखा आहे. खरा असेल किंवा बापाचा मोठेपणा दाखवायला घातलेला असेल. पण त्यातून पावसाळ्यापुढे हतबल झालेली एक आरमारी सत्ता स्पष्ट दिसते.

इथे विज्ञानवाल्याला एक गोष्ट जाणवते, जी ब्राशला कळणं शक्य नव्हतं. मेक्सिकोत कोर्तेसच्या मदतीला देवी आली. 1520 मध्ये टेनोच्तित्लानमध्ये देवीची साथ पसरली, तिथल्या लोकांच्या शरीराने तो विषाणू कधी पाहिला नव्हता, माणसं पटापट मेली. गोव्यात तसं काही होणार नव्हतं. आशिया, आफ्रिका आणि युरोप हजारो वर्षं एकमेकांचे रोग वाटून घेत आलेले. उलट इथला ताप, इथली हगवण पोर्तुगिजांनाच बाधायची. त्यामुळे एवढासा युरोपी माणूस येऊन अख्खं साम्राज्य पाडतो ही मेक्सिकोची गोष्ट इथे लागू पडत नाही. अल्बुकर्कच्या हाती आली ती बंदरं आणि बेटं. सह्याद्रीच्या अलीकडे त्याचं काही चाललं नाही. आपला नाशिकचा मुलूख तेव्हा निजामशाहीत होता, आणि नाशिकला या सगळ्याची खबर लागली असेल तर चौलच्या व्यापाऱ्यांकडून. (आमच्या जिल्ह्यावर त्या काळाचा खरा परिणाम झाला तो तलवारीने नाही, भाजीने. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातला टोमॅटो, घरची मिरची, मका, हे सगळं मूळचं अमेरिकेतलं आहे.)

एक साम्य मात्र पक्कं आहे. कोर्तेसला त्लाश्कालाचे लोक मिळाले नसते तर तो संपला असता. अल्बुकर्कला तिमोजी मिळाला. गोव्यावर जा, आदिलशाही अडचणीत आहे, हे सुचवणारा तोच. 1510 मध्येच यूसुफ आदिलशाह वारला आणि गादीवर अल्पवयीन इस्माईल आला. ब्राश तिमोजीला नाकारत नाही, त्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. पण तो का आला, त्याला काय हवं होतं, त्याचा हिशेब काय होता, हे विचारत नाही. तिमोजी सल्ला देतो आणि बाजूला होतो, निर्णय अफोन्सोचा. सगळ्या स्थानिक माणसांचं असंच. नावंसुद्धा अशी येतात की ओळखायला वेळ लागतो. आदिलखानाचा 'हिदाल्कांव', निजाम-उल-मुल्कचा 'निझामालुको', दाभोळचं 'दाबुल'. मराठी वाचकाने या पानांवर पेन्सिल घेऊन बसावं, निम्मी मजा त्यात आहे.

आता नोव्हेंबर 1510. दुसऱ्यांदा गोवा घेतल्यावर अल्बुकर्कने मुसलमानांची सरसकट कत्तल करायला सांगितलं. 22 डिसेंबर 1510 च्या पत्रात तो स्वतः राजाला कळवतो: चार दिवस चाललं, कुणाला सोडलं नाही, मशिदींत माणसं भरून आग लावली, मेलेल्यांचा आकडा सहा हजार. शेतकरी आणि ब्राह्मणांना मारू नका असं सांगितल्याचंही तो लिहितो. ब्राश हे लपवत नाही. बायका-मुलांसकट सहा हजारांच्या वर, असं तो छापतो.

हा आकडा सगळीकडे फिरतो, आणि त्याचं काय करायचं हा माझ्या दृष्टीने पुस्तकाचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. दोन सोपे मार्ग आहेत. एक, सहा हजार म्हणजे सहा हजार, पोर्तुगिजांनी स्वतःच कबूल केलंय. दोन, मध्ययुगीन आकडे फुगवलेलेच असतात, सोडून द्या. मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं म्हणजे ही कबुली नाही. कबुली देणारा स्वतःचा तोटा करून घेतो, इथे आकडा जितका मोठा तितकी शाबासकी मोठी. म्हणजे चूक असेलच तर ती वरच्या दिशेने असण्याची शक्यता जास्त. गोल आकडा आहे, कुणी मोजत बसलं नव्हतं. पण आकडा अंदाजी आहे म्हणून घटना अंदाजी होत नाही. मशिदीत कोंडून जाळलं हे वर्णन आकड्यावर अवलंबून नाही. आम्ही डोस मोजतो तेव्हा आकड्यासोबत त्याची अनिश्चितता लिहितो. इतिहासातल्या आकड्याला तसा ± लावता येत नाही, पण तो कुणी, कुणासाठी लिहिला हे शेजारी लिहिता येतं. तेवढं तरी करावं.

आणि मग त्याच पुस्तकात काही पानांनी येतं ते लग्नांचं कौतुक. अल्बुकर्कने आपल्या लोकांची स्थानिक बायकांशी लग्नं लावली, त्यांना जमीन-घोडे दिले, ही त्याची दूरदृष्टी म्हणून आजही सांगितली जाते. ब्राशही तशीच सांगतो. पण या बायका कोण होत्या? मारल्या गेलेल्या मुसलमानांच्या बायका आणि मुली, त्यांच्यापासून सुरुवात झाली. दोन्ही गोष्टी ब्राशने स्वतः लिहिल्यात, एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत इतकंच. त्या पावसाळ्यात जहाजावर कैदेत असलेल्या मुसलमान स्त्रियांकडे जातो म्हणून रुई दियास या सरदाराला अल्बुकर्कने फाशी दिली. तेवढ्यावरून कामोंइशने पुढे आपल्या महाकाव्यात अल्बुकर्कला दोष दिला. पोर्तुगालच्या दोन मोठ्या लेखकांमध्ये रुई दियासच्या फाशीवर मतभेद आहे. त्या स्त्रियांची नावं दोघांकडेही नाहीत.

चौथ्या खंडात नाईलची गोष्ट आहे, ती खास तुमच्यासाठी सांगते. अल्बुकर्कच्या मनात होतं की इथिओपियातून नाईल तांबड्या समुद्राकडे वळवायची म्हणजे इजिप्त सुकेल. त्यासाठी त्याने मदेरा बेटावरचे, खडक फोडून पाट काढण्यात तरबेज असलेले कामगार मागितले. हसण्यावारी नेऊ नका. इजिप्तला पोचणाऱ्या नाईलचं साधारण 85 टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरातून येतं, त्यामुळे वरचा खालच्याला कोंडीत पकडू शकतो ही कल्पना बरोबरच आहे. जायकवाडीला पाणी सोडण्यावरून दरवर्षी भांडण पाहणाऱ्या नाशिककराला हे शिकवायला नको. आज इथिओपियाने निळ्या नाईलवर मोठं धरण बांधलंय आणि इजिप्त त्यावर ओरडतोच आहे. अडचण भूगोलाची होती: निळी नाईल तिथे किलोमीटरभर आणि त्याहून खोल दरीतून वाहते. छिन्नी-हातोड्याने ती समुद्राकडे वळवणं अशक्य. ब्राश यातला एकही प्रश्न विचारत नाही. त्याच्या लेखी हा मृत्यूमुळे राहून गेलेला बेत आहे. एडनला 1513 मध्ये शिड्या मोडून झालेला पराभव मात्र तो बराच प्रामाणिकपणे सांगतो, त्याचं श्रेय द्यायला हवं.

शेवटाकडे पुस्तक घसरतं. अल्बुकर्क होर्मुझहून परतताना आजारी, वाटेत कळतं की त्याच्या जागी त्याचाच वैरी लोपो सोआरेश आलाय. 6 डिसेंबरला राजाला शेवटचं पत्र, त्यात मुलाची काळजी घ्या अशी विनंती. दहा दिवसांनी गोव्याच्या समोर, जहाजावर, मृत्यू. इथवर वाचताना माझाही घसा दाटला, खोटं कशाला बोलू. पण मग ब्राश लिहितो की पुढच्या अधिकाऱ्यांनी छळलं की गोव्यातले हिंदू आणि मुसलमान त्याच्या थडग्याशी येऊन न्याय मागत, दिव्याला तेल देत. ही कथा आजही फार आवडीने सांगतात. 1557 मध्ये ती छापली गेली तेव्हा अस्थी अजून गोव्यातच होत्या आणि त्या लिस्बनला नेण्याची परवानगी मुलाला हवी होती. ती 1566 मध्ये मिळाली. न्याय मागायला आलेल्यांपैकी एकाचंही नाव, गाव, गाऱ्हाणं पुस्तकात नाही. कोणी आलंच नसेल असं मी म्हणत नाही, नवा अधिकारी वाईट असला की जुना बरा वाटतोच. पण हे गोव्याच्या लोकांचं मत म्हणून वापरणं मला जमणार नाही.

या पुस्तकासारखी दुसरी वस्तू शोधली तर मला ड्यूररचा गेंडा आठवतो. तोही अल्बुकर्कमुळेच. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरने 1514 मध्ये दिलेला गेंडा अल्बुकर्कने राजाला पाठवला, तो 20 मे 1515 ला लिस्बनला उतरला. जर्मनीत बसलेल्या ड्यूररने गेंडा न पाहता, एका पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं. अंगावर चिलखताचे पत्रे, मानेच्या मागे एक जादा छोटं शिंग. चित्र इतकं ठसठशीत की अडीचशे वर्षं युरोपच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तेच छापत राहिले, जादा शिंगासकट. गेंडा खरा होता, चित्रातलं बरंचसं खरं आहे. जादा शिंग कुठलं ते ओळखायला खरा गेंडा पाहिलेला माणूस लागतो.

कुणाला वाचायचंच असेल तर चारही खंड वाचू नका. दुसऱ्या खंडातला मांडवीतला पावसाळा वाचा, मग चौथ्यातलं एडन. पोर्तुगीज येत असेल तर सोबत कोर्रैया ठेवा. मला येत नाही, मी शब्दकोश घेऊन अडखळत चाललेय. माझ्या प्रबंधात सध्या असं वाक्य आहे: 'हापूस हे नाव पोर्तुगीज व्यक्तिनाम अफोन्सोवरून आलं असावं.' अल्बुकर्कचं नाव काढलंय. पुढचा लेख पुन्हा कोबाल्टवर, डोस सगळ्या पेटीत सारखा का बसत नाही यावर.